जंतूचं कूळ आणि रुग्णाचा वेळ

१९९० साली जिनिव्हाच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाला एड्स होता आणि तो दगावला होता. त्याच्या शरीरात जंतू सापडले होते, तेही खच्चून भरलेले. झील-नीलसन पद्धतीने रंगवलेल्या स्लाइडवर लाल काड्या स्पष्ट दिसत होत्या. आम्लाने धुतल्यावरही त्या रंग सोडत नव्हत्या. म्हणजे हे मायकोबॅक्टेरिया, क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंचे भाऊबंद. पण त्यांतले नेमके कोणते, हे डॉक्टरांना सांगता येईना. नेहमीच्या घन माध्यमावर हे जंतू वाढायलाच तयार नव्हते, आणि जो जंतू वाढत नाही त्याला त्या काळी नावही देता येत नसे.

याचं कारण ओळख पटवण्याच्या पद्धतीतच होतं. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर शंभर वर्षं मायकोबॅक्टेरियांची ओळख त्यांच्या वागण्यावरूनच पटवली जात होती. अंडी आणि मॅलॅकाइट ग्रीन घालून केलेल्या, हिरवट रंगाच्या ल्योवेनश्टाइन-येन्सन माध्यमाच्या बाटलीत नमुना टाकायचा, बाटली ३७ अंशांवर ठेवायची आणि वाट पाहायची. इ. कोलायसारखा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी खरखरीत, पिवळसर पांढऱ्या वसाहती दिसू लागत आणि 'काहीही वाढलं नाही' असं म्हणायला आठ आठवडे थांबावं लागे. वाढ दिसली की पुढची चौकशी सुरू होई. उजेडात रंग धरतो का, अंधारात धरतो का, वाढतो किती वेगाने? या प्रश्नांवर अर्नेस्ट रनियनने १९५९ मध्ये क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचे चार गट पाडले होते. मग नायसिन साठतं का, नायट्रेटचं रूपांतर होतं का, अशा रासायनिक चाचण्या. कोणतं औषध या जंतूला मारतं ते पाहायचं तर औषध घातलेल्या माध्यमावर तो पुन्हा वाढवायचा, म्हणजे आणखी काही आठवडे.

ही पद्धत चुकीची नव्हती. तिने कित्येक पिढ्यांना उपचार मिळवून दिले, आणि बाटल्यांवर डोळे लावून बसलेल्या तंत्रज्ञांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिच्या मुळाशी एक अट होती. जंतू जिवंत असला पाहिजे आणि प्रयोगशाळेत त्याने आपलं वागणं दाखवलं पाहिजे. कुष्ठरोगाच्या जंतूने ही अट कधीच पाळली नाही. हान्सेनने तो १८७३ मध्ये पाहिला आणि आजही तो कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. जिनिव्हाचा हा अनोळखी जंतूही तसाच आडमुठा निघाला.

तोवर दुसरा रस्ता तयार झाला होता, आणि तो रोगनिदानाच्या दिशेने आलाच नव्हता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले कार्ल वूझ सगळ्या सजीवांच्या वंशावळीच्या मागे होते. प्रत्येक पेशीत प्रथिनं बांधणारं यंत्र असतं, म्हणजे रायबोसोम. जिवाणूंमध्ये त्याचा एक घटक म्हणजे '१६एस' नावाचा आरएनए. तो सुमारे दीड हजार अक्षरांचा. त्यातला बराच भाग सगळ्यांत जवळपास सारखा, कारण तो बिघडला तर पेशी जगतच नाही. मध्येमध्ये मात्र असे तुकडे, की जे कुळागणिक बदलतात. १९७७ मध्ये याच आधाराने वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा जीवांचा वेगळाच मोठा गट दाखवून दिला. हा आरएनए जर वंश सांगत असेल, तर जंतूला वागून दाखवायची गरजच उरत नाही.

अडचण एवढीच, की नमुन्यात जंतूचं जनुकीय द्रव्य फार थोडं असतं. ती अडचण सुटली १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना सुचलेल्या पीसीआरमुळे. डीएनए तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे, हव्या त्या जागेच्या दोन्ही टोकांना छोटे पूरक तुकडे चिकटू द्यायचे, एन्झाइमने नवे धागे विणून घ्यायचे आणि पुन्हा तापवायचं. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते. तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती. मात्र दर वेळी तापवल्यावर एन्झाइम निकामी होई आणि पुन्हा घालावं लागे. तेव्हा उपयोगी पडला एक जुना शोध. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना यलोस्टोनच्या गरम झऱ्यात एक जिवाणू मिळाला होता, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. त्याचं एन्झाइम उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही टिकतं. मलिस यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. पण कोणत्याही रोगाचा विचार न करता झऱ्याच्या काठावर नमुने गोळा करणाऱ्या त्या दोघांचं ऋण क्षयाच्या प्रत्येक रुग्णावर आहे, हे विसरून चालणार नाही.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये एरिक ब्योटगर यांच्या गटाने हे दोन्ही धागे जिनिव्हाच्या कोड्याशी जोडले. जंतू वाढवायच्या भानगडीत न पडता रुग्णांच्या ऊतींमधूनच त्यांनी १६एसचं जनुक वाढवून घेतलं आणि त्याची अक्षरं वाचली. तोवर माहीत असलेल्या कोणत्याच मायकोबॅक्टेरियमशी ती तंतोतंत जुळली नाहीत. युरोपातल्या इतर एड्सग्रस्तांमध्येही तोच क्रम आढळला. १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचं नाव जाहीर झालं: मायकोबॅक्टेरियम जिनाव्हेन्स. वसाहतींचा रंग नाही, नायसिन नाही, वाढीचा वेग नाही. केवळ कुळावरून त्याला ओळख मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड रेल्मन यांनी व्हिपल रोगाच्या जंतूचं कूळ याच रीतीने शोधून काढलं. तो रोग तर १९०७ पासून माहीत होता.

विज्ञानाच्या दृष्टीने हा मोठा क्षण होता. पण या पद्धतींची निकड जगाच्या लक्षात आली ती मात्र न्यूयॉर्कमुळे.

१९७० आणि ८० च्या दशकांत त्या शहराने क्षयनियंत्रणावरचा खर्च कमी करत आणला होता. बेघरांची आश्रयस्थानं, तुरुंग, एड्सची लाट, अर्धवट सोडलेले उपचार, सगळं एकत्र आलं. १९७८ ते १९९२ या काळात तिथले रुग्ण जवळपास तिप्पट झाले. १९९२ मध्ये एका वर्षात ३,८११. १९९१ च्या एप्रिलमध्ये शहरभरच्या रुग्णांचे जंतू तपासले, तेव्हा १९ टक्के रुग्णांचे जंतू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हते.

रुग्णालयांच्या वॉर्डांत काय चाललं होतं, ते नंतर डीएनएच्या ठशांवरून उलगडलं. क्षयजंतूच्या जनुकसंचात आयएस६११० नावाचा एक भटका तुकडा असतो. काही वाणांत तो एकदाच आढळतो, काहींत वीसहून अधिक वेळा, आणि प्रत्येक वाणात त्याच्या जागा वेगळ्या. ठरावीक एन्झाइमने डीएनए कापला, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे केले आणि त्यांतले आयएस६११० असलेले तुकडे उजळवले, की पट्ट्यांचा एक नमुना मिळतो. न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बॅरी क्राइसवर्थ यांचा गट असे नमुने जमा करत होता. निरनिराळ्या रुग्णालयांतले, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले वाटणारे रुग्ण. पण पट्ट्या मात्र एकसारख्या. त्या वाणाला 'डब्ल्यू' म्हटलं गेलं. १९९० ते १९९३ या काळातले या उद्रेकाचे ३५७ रुग्ण पुढे मोजले गेले. त्यांतल्या २६७ जणांच्या जंतूंचे ठसे एकसारखे किंवा जवळपास एकसारखे होते. बहुसंख्य रुग्णांना संसर्ग रुग्णालयातच झाला होता. उपचारासाठी आलेला माणूस शेजारच्या खाटेवरून मरण घेऊन जात होता.

एचआयव्हीग्रस्तांमधल्या त्या काळच्या बहुऔषधरोधी क्षयाच्या उद्रेकांची अमेरिकी आरोग्य खात्याने मांडलेली गणना वाचताना आजही अंगावर काटा येतो. उद्रेकागणिक ७० ते ९० टक्के रुग्ण दगावले, आणि निदानापासून मृत्यूपर्यंतचा मधला काळ होता ४ ते १६ आठवडे. कोणतं औषध चालेल हे सांगणारा कल्चरचा, म्हणजे माध्यमावर जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, अहवाल यायला तेवढाच किंवा त्याहूनही जास्त वेळ लागे. अहवाल बरोबर असे, पण तो ज्याच्यासाठी मागवला तो माणूस उरलेला नसे. मधल्या आठवड्यांत डॉक्टर अंदाजाने औषधं देत आणि रुग्ण खोकत राही.

डीएनएच्या ठशांनी उद्रेकाची वाट दाखवली खरी, पण तेही कल्चर वाढल्यावरच घेता येत. वेळ वाचवायचा तर थुंकीतूनच सरळ विचारायला हवं होतं, की या जंतूवर रिफॅम्पिसिन चालेल का? आणि त्यासाठी आधी हा प्रतिकार जनुकात नेमका कुठे लिहिलेला असतो ते कळायला हवं होतं.

ते सापडलं स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये. अमालिओ तेलेंती आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख छापला. या साऱ्या इतिहासातला माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक. जंतूच्या आरएनए तयार करणाऱ्या एन्झाइमला रिफॅम्पिसिन जाऊन चिकटतं, आणि त्या एन्झाइमचा एक भाग आरपीओबी या जनुकात लिहिलेला असतो. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या ६६ प्रतिकारक जंतूंचं हे जनुक या गटाने वाचलं, तर ६४ जणांत एका चिमुकल्या पट्ट्यातच बदल सापडले. औषधाला बळी पडणाऱ्या ५६ जंतूंपैकी एकातही ते नव्हते. पुढे सर्वत्र वापरला गेलेला तो पट्टा अवघा ८१ अक्षरांचा. चव्वेचाळीस लाख अक्षरांच्या जनुकसंचात प्रश्न विचारायची जागा इतकी लहान निघेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. याच गटाने त्याच वर्षी क्षयेतर मायकोबॅक्टेरियांसाठीही एक सोपी युक्ती दिली. एचएसपी६५ जनुकाचा सुमारे ४४० अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवायचा, दोन एन्झाइमांनी कापायचा आणि जेलवर पट्ट्या पाहून प्रजाती ओळखायची. तीही एका दिवसात. महागडी यंत्रं नसलेल्या कितीतरी प्रयोगशाळांना तिचा आधार झाला.

पीसीआरचा तो काळ मात्र गोंधळाचाही होता. कोट्यवधी प्रती तयार करणाऱ्या खोलीत एखादा थेंब उडाला तरी पुढच्या नमुन्यात तो 'सापडतो'. १९९४ मध्ये सात प्रयोगशाळांना गुपचूप क्रमांक घातलेले सारखेच नमुने पाठवून पाहिलं गेलं. जंतू नसलेल्या नमुन्यांतही जंतू दाखवण्याचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ३ ते २० टक्के निघालं, आणि एका ठिकाणी तर ७७ टक्के. तंत्र बरोबर, पण ते हाताळणारी खोली उघडी. क्षय नसलेल्या माणसाने सहा महिने औषधं खायची, हीदेखील एक इजाच आहे.

यावरचा उपाय दोन वाटांनी आला. पहिली वाट पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमधलीच. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये 'मॉलिक्युलर बीकन' जगापुढे ठेवले. डीएनएचा एक लहानसा तुकडा, केसांच्या पिनेसारखा दुमडलेला. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा. समोर तंतोतंत जुळणारा धागा आला, की पीन उलगडते, दोन टोकं दूर जातात आणि उजेड पडतो. एका अक्षराचा जरी फरक असला, तरी योग्य तापमानाला ती मिटलेलीच राहते. त्या ८१ अक्षरांवर अशा पाच पिना ओळीने बसवल्या आणि पाचही उजळल्या, तर क्षयाचा जंतू आहे आणि रिफॅम्पिसिन चालेल. जंतू आहे, पण एखादी पीन अंधारात राहिली, तर त्या जागी बदल आहे. डेव्हिड ॲलंड यांच्या गटाबरोबर ही पाच रंगांची चाचणी एकाच नळीत बसवण्यात आली.

दुसरी वाट भीतीतून निघाली. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. त्यानंतर टपाल छाननी केंद्रांत हवेतले जंतू आपोआप तपासणारी यंत्रणा बसवली गेली. तिच्यातलं पीसीआरचं तंत्र कॅलिफोर्नियातल्या सेफिड कंपनीचं होतं. नमुना एका बंद डबीत जातो, तिथेच जंतू फुटतात, तिथेच डीएनए वेगळा होऊन वाढतो. डबी पुन्हा उघडायची वेळच येत नाही. फाइंड ही ना-नफा संस्था, सेफिड आणि ॲलंड यांनी त्या बंद डबीत पाच पिनांची क्षयचाचणी घातली. जीनएक्सपर्ट यंत्र तयार झालं.

त्याची मोठी परीक्षा झाली लिमा, बाकू, केप टाऊन, डर्बन आणि आपल्या मुंबईत. मुंबईतलं काम माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात, कॅमिला रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेत चाललं. १,७३० संशयित रुग्ण. थुंकीत दुप्पट रसायन घालायचं, हलवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा एकदा हलवायचं, पिपेटने डबीत ओतायचं, झाकण लावून यंत्रात ठेवायचं. दोन तासांच्या आत पडद्यावर उत्तर. स्लाइडवर आणि कल्चरमध्ये जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी ९८.२ टक्के रुग्ण यंत्राने ओळखले. स्लाइडवर न दिसलेल्यांपैकीही पहिल्याच चाचणीत ७२.५ टक्के. स्लाइडवर जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू लागतात. या यंत्राला सुमारे १३० पुरतात. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चाचणीला मान्यता दिली.

मुंबईला त्याची किती गरज होती, हे वर्षभरातच दिसलं. २०११ च्या अखेरीस हिंदुजातल्याच झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेलं पहिल्या आणि दुसऱ्या फळीतलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. 'पूर्ण औषधरोधी' या शब्दावरून सरकारी पातळीवर मोठा वाद झाला. पण त्या रुग्णांचा आधीचा प्रवास अधिक बोलका होता. बहुतेकांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी, एकेक औषध वाढवत, अनेकदा चुकीच्या मात्रेत उपचार दिले होते. १९९१ मध्ये मुकुंद उपळेकर यांनी धारावी परिसरातल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाच्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली होती, तेव्हा ऐंशी प्रकारच्या चिठ्ठ्या मिळाल्या. जवळपास वीस वर्षांनी उदवाडियांनी तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. औषधयोजना ६३ प्रकारच्या मिळाल्या आणि बरोबर लिहिणारे सहा.

सरकारी कार्यक्रमाची बाजूही समजून घ्यायला हवी. न्यूयॉर्कचा उद्रेक आटोक्यात आणणारे टॉम फ्रीडन १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात आले आणि सुधारित क्षयनियंत्रण कार्यक्रम उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तो कार्यक्रम सूक्ष्मदर्शकावर आधारलेला होता. स्वस्त, गावोगाव पोचणारा, आणि त्याने लाखो जीव वाचवले. पण स्लाइड जंतू दाखवते, त्याचा प्रतिकार दाखवत नाही. प्रतिकाराचा प्रश्न बहुधा पहिला उपचार फसल्यावरच विचारला जाई, आणि तोवर तो जंतू घरातल्या इतरांपर्यंत पोचलेला असे. मे २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं बंधनकारक झालं. जूनमध्ये क्षयनिदानासाठी होणाऱ्या रक्ताच्या निरुपयोगी प्रतिपिंड चाचण्यांवर बंदी आली. आणि जीनएक्सपर्ट हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. आपल्याकडे त्याला सगळे 'सीबीनॅट' म्हणतात.

यंत्राला मात्र अखंड वीज आणि थंड खोली लागते. उन्हाळ्यात भारनियमन असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी ही अट जड जाते. तिचं उत्तर गोव्यातून आलं. मोलबायो डायग्नॉस्टिक्स या गोव्याच्या कंपनीने बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जच्या तंत्रावर 'ट्रूनॅट' तयार केलं. बॅटरीवर चालणारं, टेबलावर मावणारं यंत्र आणि एका चिपेवर होणारा पीसीआर. साधारण तासाभरात क्षय आहे की नाही ते कळतं, आणि असेल तर दुसऱ्या चिपेवर रिफॅम्पिसिनचं उत्तर. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकेल अशी ही चाचणी आपल्या शेजारी तयार झाली, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

पण ८१ अक्षरांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या ८१ अक्षरांपुरतंच असतं. आफ्रिकेतल्या इस्वातिनीमध्ये, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, २००९ च्या पाहणीतले जंतू पुन्हा तपासले, तेव्हा बहुऔषधरोधी जंतूंपैकी ३० टक्क्यांत आरपीओबीचा बदल पट्ट्याबाहेर, ४९१ व्या स्थानावर निघाला. जीनएक्सपर्टला ते सगळे रिफॅम्पिसिनला बळी पडणारे वाटले असते. म्हणून आता संपूर्ण जनुकसंच वाचण्याकडे कल आहे. इंग्लंडने २०१६-१७ पासून मायकोबॅक्टेरियांसाठी तो नेहमीच्या तपासणीत आणला. कोणत्या बदलाने कोणतं औषध निकामी होतं, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. मात्र संपूर्ण संच वाचायला डीएनए भरपूर लागतो आणि थुंकीत तो क्वचितच पुरतो, म्हणून बहुतेक ठिकाणी आधी कल्चर वाढवावं लागतंच. उपचार लागू पडतोय का हे पाहायलाही कल्चरच हवं, कारण मेलेल्या जंतूचा डीएनए पीसीआरला जिवंत जंतूइतकाच दिसतो.

महाराष्ट्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर रिफॅम्पिसिनला प्रतिकार दिसला, की त्या रुग्णाच्या थुंकीची दुसरी डबी घेतली जाते. बर्फाच्या पेटीत ती पुण्याच्या किंवा नागपूरच्या संदर्भ प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जाते. तिथे उरलेल्या औषधांसाठी तिच्यातली जनुकं तपासली जातात आणि कल्चरही लावलं जातं.